दादाच्या नावावरचं माझं काळीज

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात शुद्धलेखन घालत होतो. शिपाई दारात नुसता उभा राहिला आणि मला आधी आला तो राग. रडू नाही, राग. पस्तिशीचा माणूस दोन महिन्यांत दुसऱ्यांदा लकवा मारून जातो आणि गाव म्हणतं, "देवमानूस होता." कसला डोंबलाचा देवमाणूस! हट्टी होता, दांडगट होता, आणि जाताना माझ्या गळ्यात जे अडकवून गेला ते... सांगतोच.

आम्ही शिरवण्याचे. नव्या शहरासाठी भातशेती गेली आणि बदल्यात आमच्या घरातल्या एकाला तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरी मिळणार होती. थोरला म्हणून दादाचं नाव लागलं. पण लहानपणीच एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, याच्या हृदयाच्या पडद्याला भोक आहे. म्हणजे मेडिकलला नापास ठरलेलाच. गावात त्यावर तोड होती, ठणठणीत भाऊ पाठवायचा. कागदावर फोटो नव्हता, आम्ही अंगापिंडाने सारखे. मी अठरा वर्षांचा. "नको" म्हटलं तर दादाची एक कानाखाली बसली. गेलो. डॉक्टरांनी ठोके ऐकले, शिक्का मारला. त्या दिवशी घरात चिंबोऱ्यांचं कालवण झालं आणि मी ते मिटक्या मारत खाल्लं, हेही लिहायला हवं.

नऊ वर्षं तो पिंपं ढकलत राहिला. धाप लागायची, तर म्हणायचा तंबाखूमुळे. मग एका सकाळी कामावरच त्याचा उजवा हात लुळा पडला, जीभ अडखळली. कारखान्याच्या डॉक्टरांनी फाईल उघडली, त्यात हृदय निर्दोष. छातीला नळी न लावताच त्यांनी ताकदीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. दोन दिवसांत हात हलू लागला. मी म्हटलं, "दादा, आता तरी खरं सांगूया." तो खेकसला, "तोंड उघडलंस तर नोकरी जाईल. माज्या पोरींना तू पोसनार?" मी गप्प बसलो. पोरांना खरं बोलायला शिकवणारा मास्तर, गप्प बसलो!

दुसऱ्या वेळी त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे आधी कुणी ऐकलंच नाही?" मग त्यांनी समजावलं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, एरवी ती फुप्फुसात अडकते. हृदयाच्या पडद्याला भोक असलं की त्यातून पलीकडे निसटते आणि मेंदूचं रक्त अडवते. आधी कळलं असतं तर औषध होतं, ऑपरेशन होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला. मला अजून त्याचा संताप येतो, आणि माझा त्याहून जास्त.

परवा वहिनीने ट्रंकेतून एक कागद काढला. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला, कारखान्याचा तंदुरुस्तीचा दाखला. तिला वाचता येत नाही. "भावजी, काय लिवलंय?" मी वाचलं, हृदय निर्दोष. "मंग असं कसं झालं? त्या डॉक्टरला मी सोडनार नाय." मी कागद तसाच पुन्हा पिशवीत सरकवला. पण दर रविवारी तिची मोठी मुलगी वर्तमानपत्राची ही पुरवणी तिला मोठ्याने वाचून दाखवते, म्हणून इथे लिहितोय.

वहिनी, ते ठोके माझे होते.