मत आधी धाकट्याचं

भांडण कितीही क्षुल्लक असो, सुभेदार कदम आधी माणसं मोजायचे. नळ उघडा राहिला तर ते एकटेच न्यायाधीश, शेजारी दोघे नुसते हजर. मारामारीला तिघांचं कोर्ट. त्याहून भारी गुन्ह्याला पाच जण. फौजेत वर्षानुवर्षं कोर्ट मार्शलचे कागद लिहून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या कंपनीत सिक्युरिटीवर आला आणि दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या आठ जणांच्या खोलीची त्यानं पलटण करून टाकली.

आम्ही हसायचो, पण नियम पाळायचो. ज्याचं नुकसान झालं, त्यानं न्यायाला बसायचं नाही. मत आधी द्यायचं सर्वांत धाकट्यानं, म्हणजे मी. सुभेदार म्हणायचे, "मोठा आधी बोलला की धाकटा त्याचीच री ओढतो." पाच जणांच्या कोर्टाची पाळी मात्र कधी आली नव्हती.

आमचा क्रेन चालवणारा प्रकाश आईचे दिवस करून गावाहून परतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सुभेदारांनी पाच खुर्च्या मांडल्या, आम्हाला बसवलं आणि स्वतः सावधानमध्ये समोर उभे राहिले. मला वाटलं, थट्टा चाललीय.

"आई अत्यवस्थ असल्याचा फोन मी घेतला होता," ते म्हणाले. "चार दिवस प्रकाशला सांगितला नाही. पोरगा उंचावर काम करतो, हात थरथरला असता. काम संपलं की सांगू म्हटलं. त्याआधीच ती गेली. आता मत द्या. धाकट्यापासून."

मी नवा असताना तापानं फणफणलो, तेव्हा याच माणसानं मला पेज भरवली होती. मी इतरांकडे पाहिलं. एकानंही मान वर केली नाही. दारात प्रकाश उभा होता.

"दोषी," मी म्हणालो.

मग चौघांनी तेच म्हटलं. शिक्षा सुनावायला मात्र कुणाची जीभ रेटेना. ती सुभेदारांनीच घेतली. आठवड्याभरात अबुधाबीच्या साइटवर बदली मागून ते निघाले. गाडीपाशी मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला धरून उभं केलं. "बरोबर बोललास. धाकटा घाबरला की कोर्ट खलास."

काही वर्षांनी ते गेल्याचा फोन मला आला. प्रकाश तेव्हा क्रेनवर होता. मी त्याला लगेच खाली बोलावून घेतलं आणि सांगितलं. तो तिथेच वाळूत बसला आणि ढसाढसा रडला.