मागचा शिक्का

भागीरथीच्या हातात कुठलंही पाकीट दिलं की ती आधी ते उलटं करायची. पत्ता नंतर, पाठवणाऱ्याचं नाव नंतर. आधी मागचा शिक्का. ही खोड मीच लावली होती. औराद तालुक्यातल्या आमच्या गावी मी पोस्टमास्तर होतो. ती शाळेत असताना मी तिला सांगितलं होतं की पत्र गावात पोचलं की त्या दिवसाचा शिक्का पाठीवर मारतात, आणि शिक्का खोटं बोलत नाही. तेव्हापासून मामाचं पुण्याचं पत्र घेताना ती दिवस मोजायची. "सहा दिवस? पोस्टअण्णा, आमची मेंढरं ह्याच्या आधी पोचली असती."

मेंढरं तिच्या घरी खरोखरच होती. त्या घरातून ती गोव्याला गेली, समुद्राच्या लाटांवर पीएचडी करून आली आणि पुढच्या संशोधनासाठी नॉर्वेला अर्ज टाकून पत्राची वाट पाहत बसली. या पुढच्या कामाला 'पोस्टडॉक्टरल' म्हणतात, हे तिनं गावात सांगितलं आणि फसली. दुसऱ्याच दिवशी एक म्हातारबा धोतर वर करून माझ्या खिडकीशी हजर. "पोस्टाची डाक्टरीण कवा बसती?" भागीरथी मागेच उभी होती. तिनं त्यांचा गुडघा गंभीरपणे दाबून पाहिला आणि म्हणाली, "तिकीट चिकटवावं लागंल, काका."

मलाही ते काम काय असतं ते कळत नव्हतं. एकदा मी विचारलंच.

"मेंढरं दाटीनं उभी हाईत," ती म्हणाली. "कडंच्या एकाला ढकललं तर काय व्हतंय?"

"शेजारचं हलतंय."

"आन् पार मधलं?"

"मधलं रवंथ करायलंय."

"बस्स. मेंढरं म्हणजे समुद्रावरचे बर्फाचे तुकडे. ढकलणं म्हणजे लाट. बारकी लाट कडंलाच मरती. लांब लाट लई आत जाती आन् आतला बर्फ फोडती. कोणती लाट कुठवर जाईल, त्याचं गणित संगणकावर मांडायचं."

"म्हणजे तू बर्फावर जाणार न्हाईस?"

"मला औरादच्या बाजारातल्या बर्फगोळ्यानं सर्दी व्हती, अण्णा!"

नॉर्वेचं निळं पाकीट एका गुरुवारी आलं. मी सवयीनं पाठीवर शिक्का मारला. तेवढ्यात तिची आई, शांताक्का, खिडकीशी आली. पाकीट पाहून तिचा चेहरा उतरला.

"भाऊ, ऐतवारी उदगीरचे पाव्हणे यायलेत. हे कागद बघितलं तर पोरगी त्यांच्यासमोर बसायची न्हाई. तेवढं जमू द्या, मग द्या. तिकडं बर्फात तिला कोण हाय?"

मलाही ते पटलं. मी पाकीट खणात टाकलं. भागीरथी रोज यायची. "आलं का, अण्णा?" मी म्हणायचो, "न्हाई गं." खण माझ्या गुडघ्याला लागून होता.

पाहुणे आले. मुलाच्या काकांनी कामाबद्दल विचारलं, आणि तिनं त्यांनाही मेंढरांचंच उदाहरण दिलं. काका ताडकन उठले. "आम्ही मेंढरं सोडून दोन पिढ्या झाल्या, आन् ही डाक्टर होऊन परत मेंढरातच!" तरी शांताक्का मला थांबवत राहिली, त्यांचा निरोप येईल म्हणाली. निरोप आला नाही. नवव्या दिवशी मी पत्र दिलं.

तिनं पाकीट उलटं केलं. जरा वेळ पाहत राहिली. मग "लई लांबून आलंय," एवढंच म्हणाली. होकार कळवायची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. तिनं फोन लावला, पण जागा दुसऱ्याला गेली होती. वर्षभर तिनं औरादला पोरांना गणित शिकवलं, मग पुन्हा अर्ज करून गेली. गावात मात्र बोललं गेलं, पहिल्या खेपेला नापास झाली. माझ्या खिडकीशी उभं राहून लोक हे बोलायचे आणि मी तिकिटं फाडत ऐकायचो.

मी निवृत्त झालो त्या वर्षी ती भेटायला आली. चहा घेता घेता मी कसाबसा म्हणालो, "भागू, ते पत्र..."

"नऊ दिवस," ती म्हणाली. "शिक्का हाय की पाठीवर."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"आईचं नाव आलं असतं. आन् तुम्हाला शिक्का पुढच्या तारखेचा मारता आला असता, अण्णा. मारला न्हाईत. तोंड खोटं बोलायलतं, हात खरा व्हता. म्हटलं, अर्धा माणूस तरी आपलाय." आणि ती इतकी हसली की बशीत चहा सांडला.

मला हसता आलं नाही. ती लांब लाट अजून आत चाललीच आहे.

शांताक्का गेल्या वर्षी वारली, म्हणून आता लिहितो. भागीरथी पहिल्याच खेपेला निवडली गेली होती. नापास मी झालो होतो. हा कागद आधी गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावर लावणार आहे आणि दुसरी प्रत तिला पाठवणार आहे. उघडण्याआधी ती पाकीट उलटं करील, म्हणून आजच्या आजच टपालात टाकतो.