एक भांडण तातडीने हवे

आमच्या समोरच्या वहिनी विद्यापीठात नोकरीला आहेत. पदवीच्या मुलांना नेतृत्व आणि संशोधन शिकवणारा एक उपक्रम तिथे चालतो, त्याच्या त्या समन्वयक. म्हणजे नेमकं काय, असं मी त्यांच्या नवऱ्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "मुलं पुढारी होतात आणि ही धावपळ करते."

सोळा वर्षांत पुढारी किती झाले ठाऊक नाही, पण आमच्या इमारतीवर संशोधन भरपूर झालं. वहिनींच्या विद्यार्थ्यांना कुणाच्या तरी झोपेचा, कुणाच्या तरी चालण्याचा अभ्यास करायचा असतो, आणि ते कुणीतरी म्हणजे आम्ही. वहिनी बेल वाजवत नाहीत. दार ढकलतात, "भावजी, पाचच मिनिटं," म्हणतात आणि त्यांच्यामागून फॉर्मांचा गठ्ठा घेऊन कुणीतरी आत येतं. मी दिवसात किती जांभया देतो हे एकदा आठवडाभर टिपून झालंय. आकडा बायकोने वाढवून सांगितला.

यंदा एका मुलीची शेवटची परीक्षा होती. अनोळखी माणसांची मीटिंग चालवायची, त्यांच्यातला खराखुरा वाद मिटवायचा, आणि बाहेरचे परीक्षक मागे बसून मार्क देणार. मुलगी हुशार, पण आवाज इतका बारीक की ऐकणाऱ्याला आपलेच कान तपासून घ्यावेसे वाटावेत. पास झाली तरच पुढच्या शिक्षणाची जागा मिळणार होती.

वहिनींनी तिला आमच्या इमारतीतला वाद दिला. वाद उत्तम स्थितीत होता. गच्चीची किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कांनी अकरा वर्षं स्वतःकडे ठेवली होती. त्यापायी दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं आणि एका घरात रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या.

पण आदल्या दिवशी वहिनी घरोघर फिरल्या. "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. माझी लाज राखा, नीट वागा."

आम्ही नीट वागलो. हेडक्लार्क इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुलीने नमस्कार म्हणताच त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. मी म्हणालो, "छे छे, तुमच्याकडेच असू द्या." सात मिनिटांत मीटिंग आटोपली. परीक्षकांनी फॉर्मवर लिहिलं: वाद आढळला नाही, सबब क्षमता तपासता आली नाही. शनिवारी पुन्हा, शेवटची संधी.

वहिनी पुन्हा घरोघर. "भांडा हो जरा!"

"कशावरून?" मी विचारलं.

"अकरा वर्षं कुणी विषय काढून देत होतं का तुम्हाला?"

शनिवारी चार वाजता खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, परीक्षक पुन्हा मागे बसले. हेडक्लार्कांनी खिशातून चिठ्ठी काढून वाचलं, "मी किल्ली देणार नाही."

"का बरं देणार नाही?" मी दरडावलं.

त्यांनी चिठ्ठी उलटून पाहिली. "ते लिहिलेलं नाही."

"भावजी, आवाज चढवा!" वहिनी मागून कुजबुजल्या, आणि तळमजल्यावरची नर्स उसळली. "वहिनी, मी ड्यूटीवरून थेट आलेय. परवा नीट वागा म्हणालात, आज भांडा म्हणता. आम्ही काय तुमच्या प्रयोगशाळेतले उंदीर?"

झालं. हेडक्लार्कांनी चिठ्ठी फेकली. "माझ्या झोपेचा तक्ता विद्यापीठाच्या भिंतीवर लागलाय! सुनेने पाहिला!"

"त्यावर नाव नव्हतं!" वहिनी म्हणाल्या.

"तिसरा मजला, वय अडुसष्ट, जोरात घोरतो. आणखी काय नाव हवं?"

सगळे एकदम बोलू लागले. मुलगी वहिनींकडे बघत होती. तिच्या प्रमाणपत्रावर वहिनींचीही सही लागणार होती. मग तिने एक खुर्ची उचलली आणि आमच्या समोर आणून ठेवली.

"मॅडम, तुम्ही इथे बसा."

"मी? अगं, मी आयोजक आहे."

"आज तुम्ही एक बाजू आहात."

तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून आम्हाला गप्प बसावंच लागलं. एकेकाला बोलू दिलं गेलं, वहिनींनाही.

"नको होतं तर नाही म्हणायचं," वहिनी म्हणाल्या.

"दार ढकलून आत आल्यावर नाही कुठे उभं राहून म्हणायचं?" नर्स म्हणाली.

वहिनींनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाल्या, "घरच्या माणसांना काय विचारायचं, असं वाटायचं मला."

तासाभराने ठराव झाला. घोरण्याचा तक्ता उतरवायचा. यापुढे बेल वाजवायची, विचारायचं, आणि नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. मुलीने लिहिलं, वहिनींनी सही केली. त्या गडबडीत हेडक्लार्क किल्ली परत घरी घेऊन गेले.

सोमवारी संध्याकाळी आमची बेल वाजली. कुरिअर असेल म्हणून मी दार उघडलं. उंबऱ्याबाहेर वहिनी, हातात मिठाईचा डबा.

"भावजी, पोरगी पास झाली. आत येऊ का?"

सोळा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. "विचार करून सांगतो," मी म्हणालो, आणि डबा तेवढा आत घेतला.