अब्बा माझ्याशी मराठीत बोलले

मी जुन्नर सोडलं तो बाजाराचा दिवस होता, म्हणून अब्बा मला स्टँडवर सोडायला आले नाहीत. त्यांचं चहाचं दुकान बाजारपेठेच्या तोंडाशीच. बोरीहून, महाळुंग्याहून भाजी घेऊन आलेले शेतकरी सकाळपासून बाकड्यांवर बसलेले होते. धाकटा भाऊ आसिफ मोटरसायकल सुरू ठेवून घाई करत होता. अब्बांनी आलं ठेचता ठेचता वर पाहिलं आणि कप पुढे केला. "पी के जा. वहाँ ऐसी नहीं मिलती." चहा कढत होता. मी दोन घोट घेतले, जीभ भाजली, कप तसाच ठेवून निघाले. मागे अब्बा कुणाला तरी सांगत होते, "पोरगी जपानला चालली. लई शिकली."

आपल्या दहावीच्या ग्रुपवर अब्बा गेल्यानंतर तुम्ही सगळ्यांनी लिहिलंत. कुणी मंचरहून, कुणी मस्कतहून. मी उत्तर दिलं नाही. आज देते आहे.

तुम्ही अब्बांना दुकानात पाहिलंत. त्यांची 'व्हतं-नाय'ची मराठी ऐकलीत. घरात ते मराठी बोलत नसत. घरात आमची हिंदी, जिला तुम्ही वर्गात हसायचात. अम्मी मी बारावीत असताना गेली. त्यानंतर त्या हिंदीत मला रागावणारे, मला उठवणारे अब्बा एकटेच होते. दुकानाची पायरी चढली की जीभ बदलायची. गिऱ्हाइकाशी मराठी, आमच्याशी हिंदी. तीस वर्षांत त्यांची गल्लत झालेली मी पाहिली नव्हती.

क्योतोजवळच्या विद्यापीठात माझं काम होतं ते समाधानाचं. माणूस सावकाश चहा पितो तेव्हा त्याच्या शरीरात काय होतं, हे आम्ही मोजायचो. बोटाला सेन्सर, लाळेचे नमुने, मग प्रश्नावली. गेल्या आठवड्यात तुम्हाला किती समाधान वाटलं, शून्य ते दहा. चहा करून द्यायला मोरिता सेन्सेई, म्हणजे चहा शिकवणाऱ्या मोरिताबाई, यायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखत असूनही तासभर चटईवर बसणाऱ्या. मी त्यांच्याकडे चहा शिकायलाही जाऊ लागले. भांडं कसं धरायचं, पुसायचं, पाहुण्यापुढे कसं फिरवून ठेवायचं. माझा हात घाईचा. त्या म्हणायच्या, पाण्याला बघ, ते उताराकडे जाताना धडपडत नाही. झेनमधली एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत. समोर बसलेला पाहुणा उद्याही येईल, परवाही येईल, तरी आजची भेट एकदाच होते. म्हणून त्याला पहिल्यांदा आणि शेवटचं भेटतो आहोत, असा चहा करावा.

मला ते फार आवडलं. मी ते वहीत लिहून ठेवलं, पहिल्या लेखातही घातलं.

अब्बांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एक चाय को एक घंटा? गाहक भाग जाएगा." मी खूप हसले होते. तिसऱ्या वर्षी मी नवी प्रश्नावली तपासून पाहत होते, गंमत म्हणून त्यांनाच व्हिडिओ कॉलवर विचारली. गेल्या आठवड्यात किती समाधान, शून्य ते दहा? त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "दस. दस लिख. तू पास हो जाएगी."

आसिफने नंतर सांगितलं, त्याच आठवड्यात अब्बा दुकानातून घरी यायला निघाले आणि पार शिवनेरीच्या पायथ्याशी सापडले. एका ओळखीच्या माणसाने आणून सोडलं. आसिफने तेव्हा मला एवढंच म्हटलं होतं, "अब्बा भूलने लगे हैं." आणि मी, जिला लोक समाधानाची अभ्यासक म्हणून बोलवायचे, त्याला लांबलचक मेसेज पाठवला. वय झालं की होतं. फिरायला ने. साखर कमी कर. सोबत हिरव्या चहाचं पाकीट कुरियर केलं. अब्बांनी ते दूध-आलं घालून उकळलं आणि ओतून दिलं म्हणे. माझं काम वर्षाने वाढलं होतं. यायचं त्याच वर्षी होतं. मी पुढच्या वर्षी येते म्हणाले.

पुढच्या वर्षी आले तेव्हा आसिफ मला घरी न नेता थेट दुकानात घेऊन गेला. अब्बांना घरी करमत नाही, चिडतात, म्हणून त्यांना सकाळीच दुकानात आणून बसवतो, असं त्याने वाटेत सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. मला वाटलं, कळलं मला. मी या विषयावर वाचलेलं होतं.

अब्बा शेगडीजवळ खुर्चीवर बसले होते. दाढी पांढरीशुभ्र, सदरा इस्त्रीचा. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. ते उठून उभे राहिले.

"या, बसा. चहा टाकू?"

मराठीत. मी तिथेच उभी राहिले. आसिफने मान फिरवली.

ते विसरतील हे मला माहीत होतं. ते मला दुकानाच्या भाषेत विसरतील, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी बाकड्यावर बसले. त्यांनी स्वतः चहा केला. हात चुकत नव्हता. आलं, पत्ती, साखर, दूध वर येताना भांडं बरोबर वेळेला उचललं. कप माझ्यापुढे ठेवून समोर बसले.

"कुठल्या तुमी?"

"जुन्नरचीच," मी म्हणाले. मीही मराठीतच बोलत होते.

"आसं व्हय. कोणाच्या?"

मी त्यांचंच नाव सांगितलं. "इस्माईलभाईंची."

त्यांनी डोळे बारीक केले, आठवायचा प्रयत्न केला. "चहावाला? माणूस चांगला व्हता. लई दिवसांत दिसला न्हाई."

मी चहा पीत राहिले. तो पूर्ण प्यायले.

सहा आठवडे मी रोज जात होते. रोज ते उठून उभे राहायचे, रोज विचारायचे, कुठल्या तुमी. मी हिंदीत बोलून पाहिलं. "अब्बा, मैं रेहाना." ते ओशाळून हसायचे, आसिफकडे बघायचे, मग म्हणायचे, "पावणं दमल्यात, पाणी दे." शेवटी मी तो नाद सोडला. मोरिताबाईंनी शिकवलेलं सगळं माझ्यासमोर घडत होतं. रोज पहिली भेट, रोज मन लावून केलेला चहा. अब्बांकडे घाई नव्हती, काल नव्हता, उद्या नव्हता. एवढ्या शांतपणे बसणारा माणूस आमच्या प्रयोगशाळेत कधी आला नाही. आणि मला ती शांतता सहन होत नव्हती. मला रोज नव्याने भेटणारा बाप नको होता. मला जुना हवा होता. परीक्षेत मी पास व्हावं म्हणून दहा लिही म्हणणारा.

परतल्यावर मी मोरिताबाईंना हे सांगितलं. थोडं रागानेच सांगितलं. त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडलं नाही. मग म्हणाल्या, "माझी आई मला परिचारिका समजायची. पाच वर्षं. हे मी विद्यार्थ्यांना सांगत नाही." त्या दिवशी आम्ही चहा केला नाही.

चार महिन्यांनी आसिफचा फोन आला. सकाळी दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्याच गेले. आमच्यात माती त्याच दिवशी देतात. मी विमान पकडेपर्यंत सगळं आटोपलं असतं. आसिफने विचारलं, मातीच्या वेळी फोनचा कॅमेरा लावू का? मी नको म्हणाले. का म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्यातले जे लांब आहेत त्यांना हा प्रश्न कधी ना कधी येईल. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. एवढंच सांगते, यायचं असेल तर माणूस ओळखत असताना या. आणि जे जुन्नरलाच राहिलेत त्यांना, फोनवर 'बरे आहेत' म्हणू नका. आसिफने मला वाचवायला म्हणून वर्षभर तेच सांगितलं. त्याचा दोष नाही. मला तेच ऐकायचं होतं.

मी अजून क्योतोलाच असते. अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाला आले होते, नंतर एकदा ईदला. मी येणार म्हटलं की आसिफची बायको शबाना पुढची खोली झाडून घेते आणि पलंगावर कपाटातली नवी चादर घालते. कडक घडीची, निळ्या फुलांची. ती चादर आमच्याकडे फक्त पाहुण्यांसाठी काढतात. शबाना ती प्रेमानेच घालते. सकाळी निघताना मी ती स्वतः घडी करून ठेवते, तर ती माझ्या हातातून ओढून घेते, म्हणते, "आपा, तुम क्यों करते?"

मग बाहेर येऊन विचारते, अब कब आते? मी म्हणते, बघू. माझ्या तोंडून ते मराठीत निघतं.