दादा जेवले का?

आमच्या घरात थोरला माणूस जेवल्याशिवाय धाकट्यानं ताट ओढायचं नाही. लग्न होऊन येरमाळ्याजवळच्या या गावात आले, तेव्हा पोटात कावळे ओरडायचे आणि मी या रीतीच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडायची. पुढं सवय झाली. गेल्या वर्षी मात्र ही रीत सासऱ्यांच्याच मुळावर उठली.

सासऱ्यांना स्मृतिभ्रंश झालाय. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं गेली, मग नातवंडांची, शेवटी पोटच्या पोराचीही ओळख गेली. रीत तेवढी गेली नाही. ताट समोर आलं की विचारायचे, "दादा जेवले का?" दादा म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन जमाना झाला.

माझा नवरा सरळ माणूस. तो सांगायचा, "आण्णा, दादा कवाच गेले की." मग सासरे हंबरडा फोडायचे आणि ताट तसंच राहायचं. बापाशी खोटं बोलायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं! वर बाप उपाशी म्हणून लेकही उपाशी. दोघांच्या भाकरी वाळायच्या आणि माझं टाळकं सरकायचं. सासऱ्यांच्या गळ्याची हाडं वर आली. हा माणूस भुकेनंच जातो की काय, अशी धास्ती मला बसली.

सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची आमच्यात पद्धत नाही. तरी एका दुपारी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांच्यापुढं जाऊन बसले.

"मामा, दादा जेवले. म्याच वाढलं."

"काय खाल्लं?"

"पिठलं-भाकरी. वर ताक."

"पोटभर?"

"व्हय. म्हणले, आता पोराला वाढ."

त्यांनी हात धुतले आणि मुकाट्यानं जेवले. मला रडूच फुटलं. नवरा बघत होता. मग त्यानंही आपलं ताट ओढलं.

तेव्हापासून दादांना रोज मीच जेवू घालते. न पाहिलेल्या आजेसासऱ्यांची एवढी सेवा तालुक्यात कुठल्या सुनेनं केली नसेल.

परवा सासरे जेवून उठले. नवरा अजून भिंतीला टेकून बसलेला. त्याच्याकडं परक्यासारखं बघत ते म्हणाले, "पाव्हणं, तुमी का बसलाव? वडील जेवले न्हाईत व्हय तुमचे?"

नवऱ्यानं त्यांच्या खरकट्या ताटाकडं बघितलं. तो म्हणाला, "जेवले की. आत्ताच जेवले."

"मग घ्या की जेवून," सासरे म्हणाले आणि भाकरीची दुरडी त्यांनी स्वतःच त्याच्यापुढं सरकवली.