बॅगेची गोष्ट

माझे दाजी पाळक होण्याआधी शिलाई मशीन विकत. नुसते विकत नसत, चालवून दाखवत. बाजारात टेबल मांडायचं, जमलेल्या बायकांपैकी कुणाच्या तरी पिशवीतलं फाटकं कापड मागून घ्यायचं आणि बोलता बोलता त्यावर सरळ टीप मारून द्यायची. टीप संपेपर्यंत निम्म्या बायका हसलेल्या असत आणि एखादीने नवऱ्याला कोपराने ढोसलेलंही असे. पुढे ते देवाच्या सेवेत गेले तेव्हा मशीन सुटलं, बोलणं राहिलं.

विषय त्यांनी एकच धरला: ख्रिस्ती विवाह आणि कुटुंब. कुणाचं पटत नसो, कुणाचं नवं लग्न झालेलं असो, गावोगावच्या चर्चच्या मंडळ्या त्यांनाच बोलवत. लोक त्यांना ‘संसारवाले पाळक’ म्हणू लागले आणि दाजींनाही ते नाव आवडे.

त्यांच्या प्रत्येक शिबिरात बॅगेची गोष्ट ठरलेली असे. मी तिच्याबद्दल ऐकून होतो, प्रत्यक्ष ऐकली कधी नव्हती, कारण मी राहतो दुसऱ्या गावी आणि आमची मंडळीही वेगळी. आश्चर्य म्हणजे माझ्या ताईनेही ती ऐकलेली नव्हती. दाजी पुढच्या खोलीत संसार शिकवत आणि ताई मागच्या खोलीत त्या संसारांमधली पोरं सांभाळी. गाणी, रंगकाम, कुणाचं नाक पूस, कुणाची चप्पल शोध. वर्षानुवर्षं हीच वाटणी.

परदेशातल्या एका मंडळीने शिबिरासाठी दोघांना बोलावलं, तेव्हा कागदपत्रं, विमानतळ आणि सामान बघायला ताईने मला सोबत घेतलं. तिथे मुलं सांभाळायला त्या मंडळीतल्याच बायका होत्या. ताई सवयीने मागच्या खोलीकडे निघाली, तर तिला मानाने हाताला धरून पहिल्या रांगेत आणून बसवलं. तिच्या मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

खाली टायरचं दुकान आणि वर सभागृह, त्यामुळे सगळीकडे रबराचा वास. खुर्च्या एकमेकींना अडकवलेल्या, त्यामुळे एक जण हलला की अख्खी रांग हले. दाजींच्या कॉलरला माईक लावला होता. हात मोकळे राहिले म्हणून ते लहान मुलासारखे खूश. “मशीनवर बसल्यासारखं वाटतंय रे,” मला म्हणाले. दुभाषी म्हणून तिथल्याच शाळेतल्या एक शिक्षिका होत्या. त्यांना मराठी आईकडून आलेलं. दाजींनी एक वाक्य बोलायचं, थांबायचं, बाईंनी ते तिथल्या भाषेत सांगायचं, अशी पद्धत.

पहिल्याच दुपारी दाजींनी बॅग काढली.

गोष्ट अशी. लग्न नवं होतं. दाजी सभेसाठी बाहेरगावी निघाले, ताई म्हणाली, या वेळी जाऊ नका. शब्दाने शब्द वाढला आणि दाजी गेले. परत येतात तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बाई बॅग घेऊन गेल्या. मग दाजींचे गुडघे टेकणं, उपास, देवाशी भांडण. आणि एका दुपारी दारात ताई, हातात तीच बॅग. दाजी एक शब्द विचारत नाहीत. क्षमा करतात. स्वतःच्या हाताने चहा करून देतात आणि गडबडीत त्यात साखरेऐवजी मीठ टाकतात. ती तो चहा शेवटच्या घोटापर्यंत पिते.

“बायको परत आली की जाब विचारू नका,” दाजींनी समारोप केला. “चहा टाका. साखरेचा डबा तेवढा ओळखून ठेवा.”

बाईंचं भाषांतर संपलं आणि सभागृह हसून हसून डोळे पुसू लागलं. ताईला मात्र प्रत्येक वाक्य दोनदा भेटत होतं. एकदा मराठीत कानावर, आणि मग अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांवर. शेजारच्या एका वयस्कर बाईने तर तिचा हात थोपटला. भाषा कळली नाही तरी अर्थ कळला: होतं असं कधी कधी, देव क्षमा करतो. ताईने मान खाली घातली. मी दुसरीकडे पाहू लागलो.

कारण ती बॅग मी उचलली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. ताईने निरोप पाठवून मला बोलावून घेतलं आणि आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण तिला सकाळपासून बरं वाटत नव्हतं. जाऊ नका म्हणाली होती ती त्यासाठीच. बॅगेत दोन दुपटी होती, तिने विणलेलं टोपरं होतं आणि एक टॉवेल. बाळ रात्रभरसुद्धा जगलं नाही. ती घरी परतली तेव्हा बॅगेत एक दुपटं कमी होतं. तोवर ती रुसून माहेरी गेली असं दाजी धरून चालले होते; बाळाचं त्यांना कळलं ते तिचा मिठाचा चहा पिऊन झाल्यावर.

सत्रानंतर स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी कागदी कपांतून चहा मिळत होता. दुभाषी बाई मोठ्या कौतुकाने ताईजवळ आल्या. दाजी बाजूलाच उभे राहून कुणाकुणाचे हात हातात घेत होते.

“काकू, एक विचारू?” बाई म्हणाल्या. “इतक्या रागाने गेला होतात, मग परत का आलात?”

ताईने कप खिडकीत ठेवला. “दवाखान्यातून सोडलं म्हणून,” ती म्हणाली. “बाळ गेलं होतं. तिथे राहून काय करणार?”

तिच्या आवाजात राग नव्हता. कुणी पत्ता विचारावा आणि तिने सांगावा, तसं ते सांगणं होतं. बाईंचा चेहरा उतरला. थोड्याच वेळापूर्वी त्यांनीच आपल्या तोंडाने या बाईला घर सोडून गेलेली ठरवलं होतं. त्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी ऐकलं होतं. समोरचा माणूस त्यांचा हात हातात धरून हलवत होता आणि दाजी तो नुसता हलू देत होते.

यजमानांनी आमच्यासाठी पाहुण्यांच्या खोल्या फार प्रेमाने लावल्या होत्या. ताई-दाजींसाठी दोन एकेरी पलंग जोडून वर एकच चादर घातली होती. सकाळी मी डोकावलो तेव्हा पलंग पुन्हा दूर सरकलेले होते आणि चादरीची घडी खुर्चीवर होती. ताई दाजींच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. दाजी पलंगाच्या कडेला बनियनवर बसलेले. मला आत यायला त्यांनीच खुणावलं, जणू साक्षीदार हवा होता.

आज शेवटचं सत्र आहे, ते म्हणाले, आज सगळं खरं सांगतो आणि सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो. चूक लोकांत झाली, तर माफीही लोकांतच व्हायला हवी. हे बोलताना त्यांचा हात नकळत उचलला गेला, सभेत उचलला जातो तसा.

ताईने तो हात पाहिला.

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही ते सांगाल आणि ते याहून रंगेल. लोक रडतील. मग पुढच्या गावी तेच. आजवर नुसती बॅग घेऊन फिरलात, आता बाळही घेऊन फिराल.”

“अगं, मी असा आहे का?”

ताईने कॉलर उलटी करून तिच्यावर इस्त्री फिरवली. मग म्हणाली की शपथेच्या वेळी ती वर येणार नाही. शिबिराच्या शेवटी सगळी जोडपी उभी राहून लग्नाची वचनं पुन्हा घेणार होती आणि व्यासपीठावरून ती वचनं दाजी आणि ताईने हातात हात घेऊन सगळ्यांना सांगायची होती. यजमान पाळकांनी त्यासाठी दोन खुर्च्याही वर मांडून ठेवल्या होत्या.

तिने सदरा दाजींच्या हातात दिला. “गार होऊ द्या. मग घाला.”

सभागृहाकडे आम्ही चालतच निघालो. ताई यजमानीणबाईंबरोबर पुढे, आम्ही मागे. दाजी एकदम म्हणाले की सुरुवातीला ते गोष्ट पूर्ण सांगत. दवाखाना, बाळ, आपण तिथे नव्हतो, सगळं. लोक जड मनाने घरी जात. मग एका गावी वेळ संपत आली, कुणीतरी घड्याळ दाखवलं, म्हणून ते चहावर थांबले. लोक हसले. त्यानंतर गोष्ट चहावरच थांबू लागली.

“आणि क्षमा तुम्ही केलीत, हे कधी आलं?” मी विचारलं.

“आठवत नाही रे,” ते म्हणाले. “शेवट कापला की कापड आखूड होतंच. मग कुठूनतरी पट्टी जोडावी लागते.” मशीन विकणाऱ्या माणसाला असं बोलणं आपोआप सुचतं. सुचलं, आणि तेच ओशाळले. “हे बघ,” म्हणाले, “ती म्हणते ते खरं आहे.”

सभागृहात यजमान पाळक वाटच पाहत होते. आज नवी जोडपी आली आहेत, बॅगेची गोष्ट पुन्हा होऊ दे, असा त्यांचा आग्रह. दाजी नाही म्हणाले. यजमानांना तो विनय वाटला.

दाजींनी त्या दिवशी जे भाषण केलं त्यात एकही गोष्ट नव्हती. नवऱ्याने बायकोवर प्रीती कशी करावी, बायबल काय सांगतं, एवढंच. मशीनमधला दोरा संपला तरी सुई वरखाली होत राहते, टीप मात्र पडत नाही, तसं ते बोलणं. मागच्या रांगेत कुणी जांभई दिली. भाषण लवकर संपलं आणि वेळ उरला म्हणून यजमानांनी प्रश्न मागवले.

एक तरुण उभा राहिला. लग्न नुकतंच झालेलं असावं, बायको त्याची बाही धरून होती. बाईंनी त्याचा प्रश्न मराठीत आणला, पण आणताना त्या अडखळल्या. ही दोघं काल नव्हती, गोष्ट मित्रांकडून ऐकली. तर बॅगेत तुमच्या पत्नींनी काय भरलं होतं? माझी बायको म्हणते, तेवढ्यावरून सांगता येईल की त्या खरंच सोडून गेल्या होत्या की नाही.

दाजी उभेच राहिले. दवाखाना त्यांना माहीत होता, बाळ माहीत होतं. बॅग त्यांनी परदेशापर्यंत नेली होती. ती उघडलेली कधीच नव्हती.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “मी विचारलं नाही.”

बाईंनी आधी ताईकडे पाहिलं. ताईने होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी भाषांतर केलं. कुणीतरी हसलं. संसारवाल्यांचा हा नवा विनोद आहे असं वाटून बाकीचेही हसले.

“अजूनही विचारलेलं नाही,” दाजी म्हणाले, आणि हशा दुप्पट झाला.

एरवी असा हशा मिळाला की दाजी त्यावर स्वार होत. आज ते मान खाली घालून तो संपायची वाट पाहत राहिले. संपल्यावर यजमानांना एवढंच म्हणाले की वचनं तुम्ही द्या, मला देता येणार नाहीत. दोन रिकाम्या खुर्च्या मागे ठेवून ते पायऱ्या उतरले आणि ताईच्या शेजारी येऊन उभे राहिले.

यजमान पाळकांनी गोंधळ सावरला. जोडपी उठली, सगळ्यांनी हात धरले. तो तरुण आणि त्याची बायको तर अगदी घट्ट. ताई आणि दाजीही उभे होते, पण हात ज्याचे त्याच्यापाशी. यजमानांनी पहिलं वचन सांगितलं, सगळे ते म्हणाले आणि दुसऱ्याच्या आधी क्षणभर शांतता झाली. त्या शांततेत भिंतीवरच्या चारही स्पीकरांतून दाजींचा दबका आवाज आला.

“बॅगेत काय होतं गं?”

जोडपी चमकून वर पाहू लागली. माईक कॉलरलाच राहिला होता. त्या गर्दीत आमच्याखेरीज हे कळणाऱ्या एकट्या दुभाषी बाई होत्या. लोक त्यांच्याकडे वळले, पण त्यांनी नजर खाली वळवली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही.

“आधी तो माईक काढा,” ताई म्हणाली. तेही चारही स्पीकरांतून गेलं.

दाजी कॉलर चाचपू लागले. चिमटा सुटेना. शेवटी ताईने तो काढला, बटण बंद केलं आणि माझ्या हातात दिला. मी तो मुठीत धरून मागे, यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाकडे द्यायला गेलो आणि मुद्दाम भिंतीच्या कडेने, सावकाश परत आलो.

यजमानांचं दुसरं वचन चाललं होतं. अख्खं सभागृह उभं होतं आणि पहिल्या रांगेत ती दोघं बसलेली होती. ताई खालच्या आवाजात काहीतरी सांगत होती, आणि दाजी ऐकत होते.