सुनंदाच्या खाजेचे किस्से

दीर्घ आजारपणात घरात दोन गोष्टी न मागता साठतात : रिपोर्ट आणि किस्से. रिपोर्ट निदान फाइलला लावता येतात. किश्शांचे काय करावे, हे मला अद्याप उमगलेले नाही. म्हणून ते सांगून टाकतो.

माझ्या पत्नीच्या, म्हणजे सुनंदाच्या, तळहातांना व तळपायांना खाज सुटू लागली. अंगावर पुरळ मात्र एकही नाही! आमच्या कांदिवलीच्या सोसायटीने एकमताने टँकरच्या पाण्याला दोषी ठरवले. मी चार साबण बदलले. सुनंदा म्हणाली, "खाज तीच आहे, फक्त वास वेगळा येतोय!"

* * *

रक्ततपासणीत दोष यकृतात निघाला. शेजारचे गावडे, मूळचे मालवणचे, लगेच साकीनाक्याहून काविळीची माळ घेऊन आले.

"अहो, हिला कावीळ झालेली नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच आणली! पिवळी झाल्यावर सगळेच घालतात. ही ॲडव्हान्समध्ये!"

* * *

त्याच गावड्यांनी जिन्यात मला बाजूला घेतले. "अप्पा, रागावू नका हां. लिव्हर म्हणजे... वैनी घेतत की काय?"

सुनंदा दारातच उभी होती. "घेते ना, भावजी. रोज अर्धा कप. साखर कमी!"

* * *

घाटकोपरच्या डॉक्टरबाईंनी आजाराची उत्पत्ती फार सुबोध सांगितली. यकृतात तयार होणारे पित्त अतिशय बारीक नलिकांतून बाहेर वाहते. शरीराची संरक्षक यंत्रणाच त्या नलिकांना शत्रू समजून त्यांच्यावर हल्ला करते. नलिका सुजतात, हळूहळू नष्ट होतात; पित्त आत तुंबते, यकृतावर व्रण पडतात आणि अनेक वर्षांत ते कडक होत जाते.

"म्हणजे रखवालदारच पाइप फोडतो?" मी विचारले.

"आमच्या सोसायटीची कमिटी!" सुनंदा उद्गारली. डॉक्टरबाईंनी हसू आवरत आयुष्यभराच्या गोळ्या लिहून दिल्या.

* * *

यकृत कितपत कडक झाले आहे, हे कळायचे राहिले होते. सगळे त्यावरच अवलंबून होते. त्यासाठीच्या स्कॅनच्या दिवशी मी सर्व माहिती ओळीने टिपून नेली होती.

रिपोर्ट पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या, "कडकपणा आलाय, पण गोळ्या लागू पडल्या तर इथेच थोपवता येईल. मात्र हे दुखणं बरंच जुनं दिसतंय. खाज नक्की कधीपासून आहे?"

"आठ महिने," मी वहीत पाहून ठामपणे सांगितले.

"चार वर्षं," सुनंदा म्हणाली.

मी थक्क झालो. "चार वर्षं! अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात आणि पेपरचं पान उलटलंत."